श्वासापुरता ठेका

नाही, आत नाही जायचं, काका. इथेच बसा, स्वयंपाकघरात. बाबा बाळाला निजवतायत, आत्ता कुठे तिचा डोळा लागतोय — आणि हळू बोला, तुमचा आवाज भिंतीपलीकडे जातो, तीस वर्षं लोक त्याचंच तिकीट काढायचे ना. ते पाकीट टेबलावर नका ठेवू. काय आहे ते माहितीय मला. नवा अल्बम. बारा वर्षांनी बँड परत आला म्हणून भिंतीभिंतीवर लागलंय — चार म्हातारे, आणि बाबांच्या जागी ती नवी ड्रमवाली. चांगली असेल बिचारी. तिच्यावर नाही माझा राग. कुणावर आहे ते तुम्हाला कळतंय, म्हणून तर असे जमिनीकडे बघताय.

ऐकला मी. आमच्या शिवणाच्या कारखान्यात दिवसभर रेडिओ चालू असतो, तिथे लागला. ते तुमचं जुनंच गाणं, पुलावरचं, नव्याने वाजवलेलं — दुसऱ्या कडव्यातला शेवटचा शब्द कुठे गेला, काका? गिळलात. अख्खा गिळलात. माझं कापड सुईखाली तसंच राहिलं, सुपरवायझरची बोलणी खाल्ली मी. तिथे तुम्हाला दम लागतो, पहिल्यापासून लागतो, आणि बाबा तिथे हात जरासा वर धरून थांबायचे, तुम्ही श्वास घेईपर्यंत. पेपरवाले लिहायचे, काय खुबी आहे ठेक्यात — खुबी कसली डोंबलाची, तुमच्या सिगरेटी झाकत होते ते. आता म्हणे सगळे कानात मशीनची टिकटिक लावून वाजवता. टिकटिक थांबते का कुणासाठी?

ऐका. ऐकू येतंय? पाठीवर थोपटतायत तिला. तेच गाणं आहे, बघा, आता दुसरं कडवं येईल — थांबले. थांबले ना? नऊ महिन्यांच्या पोरीच्या पाठीवर अजून तुमच्या श्वासासाठी थांबतो हा माणूस, आणि तुमच्याच्याने त्याला एक साधा फोन —

काय? केलात. हो, केलात, नाही कुठे म्हणतेय मी. मीच उचलला. मग? मी म्हणाले, अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात उठत नाही, ते आता वाजवणार नाहीत, तुम्ही दुसरं कुणी बघा. आणि तुम्ही लगेच ‘बरं’ म्हणालात. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि ‘बरं’? त्यांना फोन दे, असं एकदा नाही म्हणवलं? मी नाही म्हटलं असतं तरी घरी यायचं होतं, दार वाजवायचं होतं, आज आलात तसं. मी काय, घाबरलेली बाई — डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा झटका आला तर हाती लागणार नाहीत. तुमचे ते दौरे, ती जागरणं — आणि पोरीला कोण बघणार? तिचा बाप जहाजावर, वर्षातून दोनदा तोंड दाखवतो. मी कामावर जाते ती कुणाच्या जिवावर?

हात उठत होता तेव्हा. खांद्यापर्यंत उठत होता. त्यांना मी सांगितलं, रेकॉर्डिंग लांबलंय, सगळे तुमच्यासाठी थांबलेत. तीन जिने उतरत नाहीत ते, त्यांना कोण सांगणार? रेडिओचे सेल मी काढून ठेवलेत, म्हटलं बिघडलाय. मग लागले ना कामाला — रोज सकाळी भिंतीवर बोटं चढवायची आणि पोहोचतील तिथे पेन्सिलने रेघ मारायची. त्या बघा, दाराशेजारी. खालची तुमच्या फोनच्या दिवसाची. वरची कालची. डोक्याच्या वर गेलीय, काका. कालच मला म्हणाले, आता सांग त्यांना, मी तयार आहे.

थांबा. थोपटणं थांबलंय. नाही, हा तुमच्या श्वासाचा थांबा नाही, हा लांबला. पलंग वाजला — उठले ते.

पाकीट द्या इकडे. द्या. तुम्ही नाही सांगायचं, तुम्ही फक्त ‘बरं’ म्हणालात. मी सांगते. मागच्या दाराने जा — बूट हातात घ्या, जिन्यात घाला. जा, काका.