डेसची अस्सल गाडी

हॅलो?… कोण?… ग्लेनिस? अगं मोठ्याने बोल, तुझ्यामागे बँड वाजतोय की काय?… हो, जुन्या गाड्यांचा शो म्हटल्यावर बँड वाजणारच. बोल. मिळाली का माझ्या बंधुराजांना निळी फीत?

थांब, थांब, मला ओळखू दे. पहिला नंबर हुकला, कारण एक स्क्रू चुकीचा निघाला. हो ना?… अगं हसतेय कुठे मी, खरंच विचारतेय! परवा माझ्या शेडमध्ये तुझा नवरा सबंध सकाळ एक स्क्रू हातात घेऊन बसला होता. फुलीच्या खाचेचा चालत नाही म्हणे, सरळ खाचेचाच हवा. अठ्ठावन्न साली कारखान्यात सरळ खाचेचाच लावायचे. आणि तो तुमच्या क्लबचा परीक्षक, काय त्याचं नाव… हां, प्रायर. तो म्हणे गाडीखाली चटई टाकून झोपतो. एका हातात बॅटरी, एका हातात आरसा. चांगला सत्तरीचा माणूस! त्याला घरी बायको ओरडत नाही का?

हो, हो… अगं ऐक ना. माझं होऊ दे, मग तू बोल.

मला एवढंच सांग, ही गाडी कोणाची? बाबांची. बाबांच्या मागे ती चालवतं कोण? मी. रोज. कुंपण बघायला, मेंढ्यांच्या हौदांना पाणी आहे का बघायला. डेस अ‍ॅडलेडला बँकेत एसीत बसतो आणि वर्षातून एकदा येऊन तिच्या बॉनेटवर हात फिरवतो. बरं, मी म्हटलं, भाऊ आहे, हौस आहे, ने बाबा शोला. तर येताना जुन्या भागांची खोकी घेऊन आला आणि माझं सगळं काढून ठेवलं! सीटचे पट्टे काढले, का, तर मूळ गाडीला नव्हते. पुढचे ब्रेक मी नवे घातले होते, डिस्कचे, ते काढले. आता ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करते आणि मग थांबते… नाही, नाही, ‘शो झाला की परत बसवून देतो’ हे मलाही सांगितलंय त्याने. नट कुठला कशाचा हे त्याला कळतं का? सगळे एका बिस्किटाच्या डब्यात टाकलेत.

काय?… बाबांच्या आठवणीसाठी? कपाळ माझं! ग्लेनिस, तू तेव्हा या घरात नव्हतीस म्हणून सांगते. बाबांनी गाडी घरी आणली आणि दुसऱ्याच आठवड्यात करवत घेऊन तिचं छत कापलं. मेंढ्या मावेनात म्हणून! मागची सीट कोंबड्यांना दिली, अंडी घालायला. पुढे मीच दुसरं छत आणि सीट आणून जोडली. उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन इंजिन बंद पडायचं, तर आईचे कपड्यांचे लाकडी चिमटे पेट्रोलच्या नळीला ओळीने लावायचे. आई ओरडायची, चादरी उडून गेल्या, चिमटे कुठे गेले! मी बापडीने तिथे विजेवरचा पंप बसवला, तेव्हापासून एकदा बंद पडली नाही. तर या शहाण्याने तो काढला आणि कारखान्याचा जुना पंप मागवला. थेट इंग्लंडहून! बाबांना अस्सल म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. गाडी चालली पाहिजे, एवढंच ठाऊक. आणि त्यांच्या नावाने हा…

काय म्हणालीस?

पुन्हा बोल… पोचला नाही म्हणजे?

अगं मग मघापासून सांगत का नाहीस!… मी बोलू देत नव्हते? बरं, बरं. चुकलं. रडू नकोस. नीट सांग. डेस तिथे आलाच नाही? सकाळपासून?… आणि तू आत्ता फोन करतेस! दुपारचे दोन वाजून गेले!… स्कोनचे पाव विकायला स्टॉलवर होतीस, हो, समजलं, तुला वाटलं तो प्रायरबरोबर चटईवर असेल. अगं तो इथून उजाडायच्या आत निघाला. माझ्यासमोर. मी चहाचा थर्मास दिला त्याच्या हातात. तुझ्याकडे, हॉकर गावात, नाश्त्यालाच पोचायला हवा होता.

ऐक. डांबरी रस्त्यावर बंद पडला असेल तर कोणीतरी थांबलंच असेल. आज सगळी दुनिया शोला चाललीय. उगीच घाबरू…

कुठल्या वाटेने?

जुन्या टपालाच्या वाटेने? कोणी सांगितलं त्याला?… ‘बाबा ज्या वाटेने न्यायचे त्याच वाटेने न्यायची’… अरे देवा! वाटसुद्धा अस्सल हवी साहेबांना! ग्लेनिस, ती वाट उरलीय कुठे आता? त्या बाजूला कांगारूसुद्धा विचार करून जातात. मला म्हणाला असता तर पायच मोडला असता मी त्याचा. म्हणूनच नाही बोलला, लबाड कुठला.

नाही, मोबाइल चालत नाही तिकडे. डोंगर आहेत मध्ये. रेडिओ होता गाडीत, माझा, त्यावरून कोणालाही हाक मारता आली असती. तो कुठे आहे सांगू? माझ्यासमोर. स्वयंपाकघराच्या टेबलावर. त्यालाही गुण कापतात म्हणे.

पाणी? पाणी आहे की, गाडीच्या बाजूला मी टाकी बसवलीय, चांगली आठवडाभर…

नाही.

नाही गं. तीही काढली त्याने. शेडमध्ये पडलीय. मीच तिला अडखळले काल.

म्हणजे एक थर्मास चहा आहे त्याच्याकडे. आणि बाहेर बेचाळीस अंश आहे. सावलीत.

… ग्लेनिस, रडलीस तर मला काही सुचणार नाही. हे बघ, मला एकच सांग, तुला तो माहीत आहे. गाडी बंद पडली तर तो तिच्याजवळ बसून राहील, की चालायला लागेल?… ‘माहीत नाही’ काय! आम्हाला लहानपणी अ-आ-इ-ईच्या आधी ते शिकवलं. गाडी बंद पडली तर गाडी सोडायची नाही. गाडी विमानातून दिसते, माणूस दिसत नाही. जी माणसं गेली ना इथे, ती सगळी चालायला लागलेली होती. पण तो किती वर्षं अ‍ॅडलेडला राहतोय! तिथे गाडी बंद पडली की कोपऱ्यावर जाऊन कॉफी पितात. विसरला असेल तर?… भीती वाटतेय मला. खरंच सांगते. आणि रागही येतोय, तो समोर असता तर आधी कानाखाली वाजवली असती.

थांब. फोन ठेवू नकोस. घरचा रेडिओ लावते. मर्व्ह आज त्याच अंगाला गेलाय, त्याच्या पवनचक्क्या बघायला… अगं मर्व्ह, शेजारचा. तुमच्या लग्नात टेबलावर चढून नाचला होता तो… हां, तोच.

मर्व्ह! मर्व्ह, लॉरेल बोलतेय. ऐकू येतंय का?… मर्व्ह!… नाही गं, नुसती खरखर. डोंगराआड असेल.

मर्व्ह! अरे मेल्या, बोल ना!

ग्लेनिस, तू तिथे पोलिसांना सांग. शोमध्ये असतीलच दोघे, मटणाचे पॅटिस खात उभे. त्यांना सांग, टपालाची वाट, कोरड्या ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे. मी इथून ट्रक काढते. पाण्याचे कॅन भरलेलेच आहेत, माझ्या घरात ते कायम भरलेले असतात, कोणी गुण कापत नाही म्हणून… हो, मला माहीत आहे ही बोलायची वेळ नाही. बोलले नाही तर रडेन मी.

हां! थांब! आवाज आला. मर्व्ह? बोल, बोल!… अर्धंच येतंय, परत सांग… कोण?… सापडला?

ग्लेनिस, सापडला! मर्व्हच्या गाडीत आहे. जिवंत आहे, बोलतोय, मर्व्हला शिव्या देतोय म्हणे… रड आता, खुशाल रड.

हां मर्व्ह, सांग. कुठे होता?… ओढ्याच्या चढावर. इंजिन बंद पडलं… पंपात वाफ झाली. झाली ना? होणारच! इंग्लंडात पाऊस पडतो रे, तिथल्या पंपाला काय माहीत आमचं ऊन!… आणि हा कुठे बसला होता?… गाडीखाली? आडवा पडून, सावलीत? ग्लेनिस, ऐकलंस? गाडी नाही सोडली त्याने. गाडीखाली झोपला होता, अगदी प्रायरसारखा!

मर्व्ह, त्याला घोट घोट दे, एकदम देऊ नकोस. सकाळपासून थर्मासभर चहावर… काय?… चहा संपल्यावर काय प्यायला?

रेडिएटरचं?

मर्व्ह! मर्व्ह, ते विष आहे! मी हिरवं औषध घातलंय त्यात, गाडी तापू नये म्हणून, मीच घातलंय, सबंध बाटली! अरे देवा… गाडी थांबव, त्याला आडवा कर. मी डॉक्टरांचं विमान बोलावते. ग्लेनिस, फोन ठेव, मला विमानाला फोन करायचाय, त्याने रेडिएटरमधलं… नको, ठेवू नकोस… मर्व्ह, त्याची बोटं बघ, डोळे बघ, काय करतोय तो?

कोण बोलतंय? डेस? डेस, तू बोलू नकोस, पडून राहा. मी ओरडत नाहीये… हो, ओरडतेय! तू प्यायलास काय ते कळतंय का तुला?

काय?

ओतून दिलंस? कधी?… परवा. माझ्या शेडमध्ये. मी जेवायला गेले तेव्हा… का?

‘अठ्ठावन्न साली हिरवं पाणी नव्हतं.’

… प्रायर झाकण उघडून रंग बघतो?… आणि मग तू काय भरलंस?… माझ्या पावसाच्या टाकीतलं साधं पाणी. आतून धुऊन काढून… पुन्हा पुन्हा, स्वच्छ निघेपर्यंत… गंजाची चव लागली. लागू दे.

 

ग्लेनिस, त्यात औषध नव्हतं… हो. त्याने टाकून दिलं होतं. स्पर्धेसाठी… नव्हतं गं, साधं पाणी होतं, आमच्या टाकीतलं… हो. मी घातलेलं असतं तर… नको, बोलूच नकोस ते. मला जरा बसू दे खुर्चीवर.

डेस, ऐक. तू बरोबर होतास असं मी म्हणणार नाही. मरेपर्यंत नाही. बाजूला टाकी असती तर तुला रेडिएटर प्यायची वेळ आली नसती… काय?… आज संध्याकाळपर्यंत परीक्षण चालू आहे, म्हणून मर्व्हने गाडी दोर लावून ओढत न्यावी? मर्व्ह! रेडिओ काढून घे त्याच्या हातातून! आणि सरळ दवाखान्यात ने, शोच्या दारावरून जाऊ नकोस, उडी मारेल हा.

हां ग्लेनिस. तू दवाखान्यापाशी जा, ते येतीलच. स्कोन राहू देत, खातील कोणीतरी… गाडी? गाडी मी आणते, ट्रकने ओढून. उद्या सगळं जागच्या जागी बसवते. पंप, टाकी, पट्टे, ब्रेक, रेडिओ. सगळं.

… रेडिएटरमध्ये?

पाणी घालीन. साधं… हो, साधंच. औषध नको आता… ग्लेनिस, हसतेस काय? तू त्याला हे सांगितलंस ना, तर माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही, दोघांनीही… नाही सांगणार? शपथ घे… अगं आधी शपथ घे, मग हस. ठेवते मी, ट्रक बाहेर काढायचाय.