एकमताच्या आधीचा चहा

...न्हाई, आता तुम्हीच सांगा, एवढं ऐसपैस अंगण हाय, सारवलेलं हाय, घोंगडं अंथरलेलं हाय, आन् बसायला कोण? मी. एकटा. आन् वच्छलाबाई, म्हंजी आमची बायको, आतनं म्हणते, "घोंगडं गुंडाळा, कोण येत न्हाई आता." येत न्हाई ते दिसतंय की मला, पण म्हणून गुंडाळायचं व्हय?

तुम्हाला सांगतो, त्या साली आमचं सगळं निमोणं गाव ह्या घोंगड्यावर बसून गेलंय. झालं काय, पुण्याची एक संस्था आली, म्हणली डोंगराला चर खणू, झाडं लावू, हिरींना पाणी येईल, फकस्त डोंगरावर चराईबंदी करा. आन् डोंगरावर मेंढरं कुणाची? माझी. बापाचा कळप मोठा होता, माझ्याकडं मूठभर राह्यली, पण तोंडं हायेत ना त्यांला! ग्रामसभेत सगळ्यांचे हात वर, माझा मांडीवर. मला वाटलं, आता ढकलून देतील बाजूला, नेहमीसारखं. तर संस्थेची ती सुलक्षणाताई उठली आन् म्हणली, "एकाची जरी हरकत असली तरी ठराव होणार नाही." आन् माझ्याकडं वळून, अगदी हळू, "आप्पा, तुमचं म्हणणं काय आहे?"

काय सांगू तुम्हाला... उभ्या जन्मात हे कुणी इचारलं नव्हतं हो. बापानं न्हाई, मास्तरनं न्हाई, वच्छलाबाईचं तर नावच नको.

मग रोज सांजचं ताई आन् गावकरी माझ्या घोंगड्यावर चहाला यायला लागले. मी एक वाक्य बोलायचो, ताई ते मलाच परत सांगायची, "म्हणजे आप्पा, तुम्हाला असं वाटतं की..." आन् इतकं ब्येस सांगायची की मला वाटायचं, आयला, हे मी बोललो? आन् सरपंच मच्छिंद्र, बागायतदार माणूस, आधी गाडीवरनंच वरडायचा, "ए ज्ञानू, आवर तुझी मेंढरं!" तो गाडी लांब लावून, चपला काढून घोंगड्यावर बसायचा, "आप्पा, काय म्हणणं हाय तुमचं?" भांडायचो बी आम्ही, चांगलं कचकचून. पण भांडून झालं की तो उठायचा न्हाई. एकदा त्याच्या वडलांचं सांगता सांगता डोळे पुसले त्यानं, माझ्याच टॉवेलाला. आमचा पोरगा बिरदेव रांजणगावला कंपनीत, कवा फस्ट शिफ्ट, कवा नाईट, जवा घरी तवा झोपलेला. त्याच्याशी वर्षात झालं नसंल एवढं बोलणं त्या मच्छिंद्राशी झालं.

आन् अशात एक दिवस वाट निघाली. मच्छिंद्र रागानं म्हणला, "मग काय माझ्या रानात बसवू तुझी मेंढरं?" बोलला आन् त्याचं त्यालाच आठवलं. मला बी आठवलं. पूर्वी तसंच होतं की, पीक निघालं की रानात मेंढरं बसवायची, रानवाल्यांला लेंडीखत, आम्हाला चारा. युरिया आला आन् ते मोडलं. ताईनं ते धरलं, सगळ्या बागायतदारांना वळीनं रानं द्यायला लावली, आन् माझ्याकडं बघितलं. तिथंच चुकलं बगा माझं. आणखी थोडं ताणायचं! मी यडा, पटलं म्हणून लगेच "व्हय" म्हणून बसलो.

टाळ्या झाल्या, पेढे झाले, ताई दुसऱ्या गावाला गेली. डोंगर हिरवा झाला, हिरींना पाणी आलं, समदं खरं, मी न्हाई म्हणत न्हाई. पण ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी सांजचं घोंगडं टाकून बसलो... कोण न्हाई. मच्छिंद्र गाडीवरनं गेला, नुस्ता हात केला आन् वरडला, "आप्पा, मेंढरं लावून द्या!" म्हंजी मेंढरांला आवतन हाय, मला न्हाई. वच्छलाबाईला म्हणलं, अगं, माझं म्हणणं तरी इचार. ती म्हणली, "दळण आणा."

आठवण येते हो. चहाची न्हाई, त्या इचारण्याची. कुणीतरी समोर बसावं, माझं तोंड उघडायची वाट बघावी...

मग परवा ग्रामसभा होती. मच्छिंद्र उठला, म्हणला, "डोंगराचं काम ज्ञानूआप्पांमुळं झालं, त्यांचा नारळ-टॉवेल देऊन सत्कार करू." मला काय सुचलं कुणास ठाऊक, ताडकन उभा राह्यलो. "माझी हरकत हाय!"

मनात म्हणलं, चला, आता पाऊसकाळापर्यंत बघायला नको, उद्याच चहापत्ती आणायला पायजे. आन् मच्छिंद्रनं इचारलं बगा, त्याच जुन्या आवाजात, "आप्पा, तुमचं म्हणणं काय हाय?" कसंबसं म्हणलं, "मला सत्कार नको." आन् वाट बघितली, आता हा समजूत घालंल, सांजच्याला येतो म्हणंल...

मच्छिंद्रनं सभेकडं बघितलं. "कुणाचं काय म्हणणं?" कुणाचं काय न्हाई. सगळ्यांचे हात वर.

माझी हरकत एकमतानं मंजूर झाली.