मिसरी डॉक्टरचा शब्द

सौदीतल्या यान्बूच्या कँपात ज्ञानेश जेवणाच्या रांगेत उभा होता. पुढे हुसेनमियाँ आणि नवा आलेला शारीक. किनाऱ्याला लागलेली डॉल्फिनची पिल्लं हे दोघं सांभाळत.

"वेगळ्या टाकीतलं आजारी पिल्लू कसंय रे?"

"बरं झालं, चाचा! व्हायरस गेला."

"कोण म्हणालं?"

"मिसरी डॉक्टर, तो इजिप्तचा. तपासलं नि म्हणाला, खलास. आता खोकतसुद्धा नाही, गप पडून असतं."

"खलास म्हणाला?"

"हां. म्हणून मीच त्याला मोठ्या टाकीत सोडलं."

"बाकीच्या पिल्लांत?"

"एकटं किती दिवस ठेवायचं? सगळी खेळतायत बघा. आळीपाळीनं त्याला पाण्यावर उचलून धरतायत."

"अरे, श्वास थांबलेल्यालाच उचलतात ती तशी!" म्हणत हुसेनमियाँनी आपलं रिकामं ताट मागे न बघताच ज्ञानेशच्या हातात दिलं आणि ते टाकीकडे धावले.