चौदावी पाटी

लेक : या वर्षीच्या तेरा पाट्या मिळून दोनशे सत्तेचाळीस दिवस, आणि चौदावी एकटी चार हजार पंधरा! बाबा, ही चौदावी कुठली हो?

बाबा : वहीत घर क्रमांक लिहिलेला आहे.

लेक : तो वाचूनच विचारतेय. हे आपलं घर आहे.

बाबा : वाचता येतं, मग विचारतेस कशाला?

लेक : कारण डोळ्यांवर विश्वास बसत नाही. तुम्ही आपल्याच फाटकावरची पाटी मोजलीत?

बाबा : माझा नियम पहिल्या पानावर आहे. 'रस्त्यावरून दिसणारी, घर भाड्याने देण्याची प्रत्येक पाटी सकाळच्या फेरीत नोंदवावी. चढल्याची तारीख, उतरल्याची तारीख आणि उतरण्याचे कारण. एकही वगळू नये.' एकतीस वर्षं तो पाळला. आपलं फाटक आलं की डोळे मिटून घ्यायचे होते का?

लेक : अहो, पण याचा घोळ केवढा झालाय! तुमच्या वह्या मीच आमच्या जिल्हा कार्यालयात नेल्या. साहेबांना छाती फुगवून सांगितलं, आमचे बाबा ओव्हरसिअर होते, त्यांच्याइतकं नेटकं या जिल्ह्यात कोणी लिहिलेलं नाही. त्यावरून भाडेघरांचा अहवाल निघाला. त्यात छापलंय, रुग्णालयाच्या प्रभागात घर भाड्यानं जायला सरासरी तीनशे चार दिवस लागतात. सगळ्या जिल्ह्यात एवढा आकडा दुसरीकडे कुठेच नाही.

बाबा : भागाकार बरोबर आहे.

लेक : बरोबर आहे, तेच तर दुखणं आहे! चौदावी काढा, एकोणीस येतात. एकोणीस दिवस, बाबा! लोकांना घरं मिळेनाशी झालीत तिथे. आणि साहेबांनी काय वाचलं? घरं ओस पडलीत. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या, तो प्रस्ताव बाजूला ठेवलाय.

बाबा : हे मला कोणी सांगितलं नाही.

लेक : मलाच आज सकाळी कळलं. पाचच्या आत दुरुस्ती पाठवायची आहे. ही ओळ काढतेय, खाली तुमची सही करा.

बाबा : कारण काय लिहिलं आहेस?

लेक : 'पाटी खरी नव्हती.'

बाबा : सही होणार नाही.

लेक : बाबा!

बाबा : तुझ्या आईनं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी आहे. ती खोटी होती असं मी सही करून लिहून द्यायचं?

लेक : अकरा वर्षांत किती जणांना वरच्या खोल्या दिल्या?

बाबा : एकालाही नाही.

लेक : मग तिला काय म्हणायचं? मी त्या वेळी परगावी होते. सुट्टीला आले की पाटी दिसायची आणि बैठकीत नवा माणूस चहा पिताना दिसायचा. आईला विचारलं, तर म्हणायची, 'बघू, ठरतंय.' सात वर्षं ठरतच होतं!

बाबा : मागच्या फळीवरची हिरवी वही दे. ती नव्हे, तिच्या खालची.

लेक : ही कारखान्याच्या वेळची दिसते. 'फक्त लहान कुटुंबास.' 'कारखान्यातील नोकरास प्राधान्य.' हे काय? 'दोनशे बारा दिवस. कारण : मालक पहाटे चार वाजता घसा साफ करतात.'

बाबा : करायचे. तीन गल्ल्यांना ऐकू जायचं. भाडेकरू घर बघायला दुपारी यायचे, त्यामुळे फसायचे आणि आठवड्यात पळायचे. पाटी पुन्हा वर.

लेक : आणि हा वर्षभराचा पट्टा? पानंच्या पानं उतरल्याची तारीख रिकामी.

बाबा : कारखान्याला कुलूप लागलं ते वर्ष. एका सकाळी मी एकेचाळीस पाट्या मोजल्या. पुढे महाविद्यालय आलं आणि पाट्यांची भाषा बदलली. ज्यांनी 'फक्त कुटुंबास' लिहिलं होतं, त्यांनीच वरून चुना फासून 'विद्यार्थी चालतील' लिहिलं. नंतर नुसताच फोन नंबर. आता पाट्या जवळपास नाहीतच. जिल्हा कसा चालला आहे हे मला सकाळी फाटकांवर वाचता यायचं. आता मी नुसता चालतो.

लेक : हिरवी वही सापडली. हे आईचं अक्षर आहे. 'उंच गृहस्थ. तळ्याजवळच्या घराचं दार ठेंगणं, तिथे पाठवू नये.' 'नवी नवरी, घाबरट. शिंपीणबाईंच्या माडीवर पाठवावी, त्या बोलक्या आहेत.' 'बाळंतीण. पाणी पहाटे येतं ते घर नको.' बाबा, हे काय आहे?

बाबा : वरचे भाडेकरू गेले, तेव्हा आम्ही खरोखरच पाटी लावली. पहिलं जोडपं आलं. आईनं चहा दिला, तासभर बोलली आणि शेवटी म्हणाली, 'तुमचे यजमान गिरणीत आहेत ना? मग इथून रोज पाऊण तास चालतील. त्यापेक्षा पुलापलीकडे माझ्या ओळखीचं घर आहे.' ते तिकडे राहिले, सुखी झाले. तिला त्याची गोडीच लागली. पाटी बघून माणूस यायचं, चहा प्यायचं आणि योग्य त्या घरी जायचं. पत्ते माझ्या वहीत होते, माणसं तिला कळायची. दलाली म्हणून कधी सुपारीचं खांडही घेतलं नाही.

लेक : किती जण?

बाबा : एकशे सदुसष्ट.

लेक : आणि तुम्ही रोज सकाळी आपल्या फाटकावर थांबून लिहायचात, 'पाटी आहे.'

बाबा : होती, म्हणून लिहिलं.

लेक : आई जाऊन चार वर्षं झाली, बाबा. आता कोण येतं?

बाबा : पहिल्या वर्षी नऊ. मग तीन. गेल्या वर्षी एक, तोही पत्ता चुकलेला.

लेक : ऐका. पुढच्या महिन्यात माझी बदली आहे. तुम्ही जिन्यावरून घसरलात, त्याला दोन महिने झाले. पाठ अजून वाकवता येत नाही तुम्हाला. एक तर माझ्याबरोबर चला, नाही तर वर कोणीतरी राहायला आणा. एकटं ठेवून मी जाणार नाही.

बाबा : वर कोणी आलं की पाटी उतरेल.

लेक : हो. पाटी असते कशासाठी?

(फाटकाची कडी वाजते.)

आलेली बाई : कोणी आहे का घरात? पाटी बघून आले.

लेक : या, या. आत या. बॅग ठेवा तिथे.

आलेली बाई : ठेवते, पण लगेच 'नाही' म्हणणार असाल तर आधीच सांगा. पुन्हा उचलायला जिवावर येतं. मी इथल्या रुग्णालयात नर्स आहे. बदलीवर आलेय. चौदा दिवस लॉजवर काढलेत.

बाबा : बसा. चहा घ्याल ना? टाक गं चहा.

आलेली बाई : काका, चहा नंतर. खोली आहे का?

बाबा : आधी चहा. कामाची पाळी कोणती असते तुमची?

आलेली बाई : कधी दिवस, कधी रात्र. तिथेच तर अडतं. फोनवर घर दिसतं, ड्यूटी संपवून जावं तर दुसऱ्यानं घेतलेलं. एका ठिकाणी तर माझ्या डोळ्यांदेखत कुलूप बदलत होते. आज बसच्या खिडकीतून ही पाटी दिसली. मला वाटलं जुनी असेल, काढायची राहिली असेल. तरी उतरले. म्हटलं, पाटी तरी खोटं बोलणार नाही.

लेक : ऐकलंत ना, बाबा?

बाबा : ऐकलं. रात्रपाळी म्हणजे दिवसा झोप. शांत घर हवं. हिच्या आईच्या वहीत आहे... हं. तळ्याजवळचं बैठं घर. मागे झाडी आहे, आवाज नाही.

लेक : ते पाडलं, बाबा. तिथे गाड्या लावतात आता.

बाबा : मग शिंपीणबाईंची माडी.

लेक : शिंपीणबाई गेल्या. मुलांनी घर विकलं. सात मजले उभे राहिलेत.

बाबा : पुलापलीकडचं?

लेक : तिथे दिवसाच्या हिशेबानं खोल्या देतात, आल्या-गेल्या प्रवाशांना. बाबा, पानं उलटू नका. त्या वहीत आता एकही घर उरलेलं नाही.

आलेली बाई : काका, मी तुमच्याकडे दुसऱ्यांची घरं विचारायला नाही आले. फाटकावर लिहिलंय, 'वरच्या दोन खोल्या'. त्या आहेत की नाहीत?

बाबा : आहेत.

आलेली बाई : कोणी राहतं?

बाबा : नाही.

आलेली बाई : अकरा दिवसांपूर्वी आमच्या मेट्रननं खोल्यांसाठी अर्ज केला होता. उत्तर आलं, या भागात घरं रिकामी पडून आहेत. आम्ही तिघीजणी ते पत्र वाचून हसलो. मग एक रडली.

लेक : ते पत्र आमच्याच कार्यालयातलं आहे, ताई.

बाबा : नाही. ते पत्र माझ्या वहीतलं आहे. कागद आण इकडे. ती ओळ काढ.

लेक : आणि कारण?

बाबा : 'पाटी खरी नव्हती' हे खोड. लिही, 'ही पाटी घर देण्यासाठी नव्हती, माणसं यावीत म्हणून होती. नोंद करणाऱ्यास हे ठाऊक होते. चूक त्याची.' दे, सही करतो. पेन चालतंय का हे?

लेक : चालतंय. झटकू नका, शाई उडेल.

आलेली बाई : मला यातलं काही कळलं नाही. मी बॅग उचलू का?

बाबा : उचलू नका. तुम्हाला दम्याचा वगैरे त्रास नाही ना? जिना चढायचा आहे.

आलेली बाई : मी रोज चार मजले चढते, तेही सलाइनचा स्टँड घेऊन.

बाबा : मग हा जिना नीट समजून घ्या. माझा मीच बांधला. सतरा पायऱ्या. सगळ्या सारख्या, फक्त आठवी अर्धा इंच उंच. तंत्रनिकेतनात तीन वर्षं शिकून केलेली चूक आहे. दुरुस्त करायची म्हटलं तर हिच्या आईनं करू दिली नाही. म्हणायची, तेवढीच एक गोष्ट तुमच्या हातून चुकलीय, राहू द्या.

आलेली बाई : तुम्ही याच जिन्यावरून घसरलात की काय? मघापासून बघतेय, पाठीला हात लावून बसला आहात. वर जाऊन आले की बघते ती पाठ.

लेक : बाबा, चहा झालाय. कप कुठे ठेवू?

बाबा : तिला आधी दे. बाई, चहा घ्या आणि मग वर जाऊन खिडक्या उघडा. चार वर्षं बंद आहेत, पहिली जरा अडते. खालून ढकला.

लेक : बाबा, तुम्ही कुठे निघालात? पाना कशाला?

बाबा : पाटीचे दोन बोल्ट गंजले असतील. तू धर, मी फिरवतो. सावकाश, रंग उडू देऊ नकोस, तिच्या हातचा आहे. कोठीत नाही ठेवायची, माझ्या टेबलावर ठेव.

आलेली बाई : काका, मी वर जाते हं!

बाबा : आठवी पायरी!

आलेली बाई : लक्षात आहे!

लेक : आईही जिन्यातून अगदी असंच ओरडून उत्तर द्यायची.

बाबा : हं. वही घे. चौदावी ओळ. उतरल्याची तारीख लिही, आजची.

लेक : लिहिली. आणि उतरण्याचं कारण?

बाबा : लिही, 'चहा झाल्यावर बाई गेल्या नाहीत.'