दुसरा व

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांची कवळी आज बसणार होती.

"अहो, पुन्हा सांगते. ओठांचा चंबू केला की इंग्रजीतला एक व."

"व."

"आणि वरचे दात खालच्या ओठावर अलगद टेकवले की दुसरा."

"वरचे दात आणू कुठून? त्याच्यासाठीच तर आलोय ना!"

"म्हणून आधी नीट ऐकून ठेवा. आता हा कुठला? व."

"मला दोन्ही सारखेच वाटतात गं. आपल्याला जन्मभर एकच व पुरला."

"नातीला नाही पुरत. परदेशात वाढतेय ती, तिचं नाव दुसऱ्या 'व'चं आहे."

"चार वर्षांची चिमुरडी! फोनवर मला दात दाखवून शिकवते."

"आणि तुम्ही तोंडावर हात धरून बसता."

"मग काय, बोळकं दाखवू तिला?"

"दहा वर्षं कवळीसाठी तुमच्या मागे लागलेय मी. जेवण जात नव्हतं, तरी ऐकलं नाहीत."

"जेवणाचं काय, तू सगळं मऊ करून वाढत होतीस."

"आणि आता?"

"आता तिचं नाव मला कोण मऊ करून देणार?"