दाजींनी मोजलेल्या मिशा

अरे, आपण लहानपणी त्या मांजराचं कार्टून बघायचो ना, त्याचा सिनेमा आलाय. दाजींना आणि भाचीला घेऊन गेलो. दाजी म्हणजे चाकणच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. बाहेर आल्यावर विचारलं, "कसा वाटला?"

"रिजेक्ट. कार्टूनमध्ये मिशा सहा होत्या, ह्याला आठ आहेत."

भाचीला तर सिनेमा फार आवडला होता. ती रडकुंडीला आली. पण शेवटी दाजींचीच पोरगी! म्हणाली, "पप्पा, रिजेक्ट माल दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय भंगारात टाकायचा नाही, असं तुम्हीच सांगता."

रविवारी परत तिघं गेलो. सुटल्यावर मुद्दाम विचारलं, "दाजी, मिशा किती भरल्या?"

"मोजायच्या राहिल्या राव."