मिक्सरची स्कूटर

अरे, परवा आईने मला घरातल्या घरात भिंतीला चिकटवलं, ते सांगतो. आमच्या मंडळाच्या गणपतीत मुलांचं नाटक आहे आणि त्यात बनारसच्या गल्लीतून एक स्कूटर जायला हवी. तिच्या आवाजासाठी मी आईचा मिक्सर फोनवर रेकॉर्ड केला. तिने ऐकला आणि म्हणाली, “हा तर माझा मिक्सर! याला कोण घाबरणार?”

मग मीही इरेला पेटलो. कंप्युटरवर तोच आवाज डाव्या कानातून उजव्या कानात सरकवला, जवळ येताना चढवला, पुढे गेल्यावर जरा जाडा करून विरवला. पुन्हा आईला हेडफोन लावले. ती डोळे मिटून उभी राहिली. एकाएकी तिने पदर आवरला, माझा दंड धरला आणि खसकन भिंतीकडे ओढलं, आमच्या अरुंद गल्लीत स्कूटर आली की ओढते अगदी तस्सं.

जमलं की! मी खूश. पण आई हात सोडेना.

“आई, गेली स्कूटर. सोड आता.”

“गप उभा राहा,” ती डोळे न उघडताच म्हणाली. “आपल्या गल्लीत एकटी कधी आलीय का? मागून दुसरी येत असेल.”